माळावरची बाग आणि वाइनची चव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षशेतीवर लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर वाइनच्या द्राक्षांविषयी बरीच पत्रे आली. खाण्याच्या द्राक्षांत हा जिल्हा जुना आणि जाणता आहे. नान्नजच्या शिवारात निवडलेले सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण आज दूरदूरच्या बागांत दिसतात. वाइनची द्राक्षे मात्र आपल्याकडे त्या मानाने नवी आहेत आणि म्हणूनच बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : बाग कोठे आहे, यावर वाइनचा दर्जा आणि स्वभाव कितपत ठरतो? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्नांत खोलवर जाण्याची गरज होती.

प्रश्न : नाशिककडील आणि अकलूजकडील शिराझ मी चाखून पाहिली. दोन्हींची चव मला स्पष्टपणे वेगळी लागली. जात एक, राज्य एक, छाटणीची पद्धतही एकच. मग हा फरक बागेच्या जागेचा मानायचा की वाइन करणाऱ्याच्या हाताचा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हाताचा वाटा असतोच, परंतु द्राक्ष वाइनरीच्या दारात येते तेव्हा बऱ्याच गोष्टी आधीच ठरून गेलेल्या असतात आणि त्या जागेने ठरवलेल्या असतात. मणी पिकतो म्हणजे काय होते, हे पाहिले की हे ध्यानात येईल. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे कडक मणी मऊ होऊ लागला, की साखर वाढते, आम्ल घटते, काळ्या जातींच्या सालीत रंग भरतो आणि हिरवे बी तपकिरी होत जाते. ही चारही कामे एकाच वेळी सुरू असली, तरी त्यांची गती एक नसते आणि उष्णतेचा परिणामही प्रत्येकावर निराळा होतो. उष्ण जागी साखर भराभर चढते. मण्यातील मॅलिक आम्ल मात्र श्वसनात खर्च होत जाते आणि रात्रीही उबदार असतील तर हा खर्च रात्रभर चालू राहतो. टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकते. तापमान पस्तीस अंशांच्या पुढे रेंगाळू लागले की सालीतील रंगद्रव्ये कमी बनतात. परिणामी उष्ण जागेवरील बागायतदारापुढे पेच उभा राहतो : साखर तयार झाली म्हणून तोडणी केली, तर बी अजून हिरवट आणि तुरट असते; बी पिकण्याची वाट पाहिली, तर आम्ल हातचे जाते आणि वाइन जड, चढ्या अल्कोहोलची, शिजवलेल्या फळासारख्या वासाची होते.

शिराझचेच उदाहरण घेऊ. या जातीच्या वाइनला काळ्या मिरीचा जो वास येतो, तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. हेच द्रव्य खुद्द मिरीतही असते. थंड जागी आणि सावलीतील घडांत ते अधिक आढळते, उष्ण जागी कमी. इतकेच नव्हे, तर एकाच बागेत उताराची दिशा बदलली तरी त्याचे प्रमाण बदललेले आढळले आहे. आपल्याला एका शिराझमध्ये मिरी आणि दुसऱ्या शिराझमध्ये जांभळाच्या जॅमसारखी गोडसर छटा जाणवली असेल, तर तो आपला भास नव्हे.

आता नाशिक आणि सोलापूर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, सोलापूर साडेचारशेच्या किंचित वर. उंची शंभर मीटरने वाढली की तापमान साधारण अर्धा-पाऊण अंश उतरते, म्हणजे निव्वळ उंचीमुळे पडणारा फरक जेमतेम एका अंशाचा. तथापि नाशिक आपल्यापेक्षा दोन अंशांहून अधिक उत्तरेला आहे आणि उत्तरेकडून येणारी थंडीची लाट तेथे अधिक जोराने पोहोचते. जानेवारीत नाशिकची रात्र सरासरी दहा अंशांच्या आसपास असते, तर सोलापूरची सोळाच्या आसपास. मण्यातील आम्लाच्या दृष्टीने हे सहा अंश फार मोठे आहेत.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट पुस्तके वाचून बाग लावणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात, म्हणजे मणी भरत असताना हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्च या काळात पिकतात, म्हणजे पिकण्याचा प्रत्येक आठवडा आधीच्या आठवड्यापेक्षा तापलेला असतो. सोलापुरात जानेवारीचे सरासरी कमाल तापमान ३१ अंशांच्या घरात, फेब्रुवारीचे ३४ आणि मार्चचे ३७ असते. त्यामुळे जानेवारीअखेर पिकणारी बाग आणि मार्चच्या मध्यावर पिकणारी बाग एकाच बांधाच्या दोन बाजूंना असली, तरी वाइनच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या हवामानांतील बागा होत. आपल्याकडे जागेचा विचार करताना तोडणीचा महिना त्यातून वगळताच येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे दोन तुकडे आहेत. एक ओढ्याकाठी, काळा, कसदार, दोन्ही हंगाम घेणारा. शेजारी ऊस आहे. दुसरा वरच्या माळावर, मुरमाड, आजवर जनावरे चारण्याखेरीज उपयोगात न आलेला. वाइनच्या द्राक्षांसाठी वडील काळ्या तुकड्याचा आग्रह धरतात. आपले मत काय?
— एक द्राक्ष बागायतदार, कासेगाव, ता. पंढरपूर

उत्तर : वडिलांचा आग्रह खाण्याच्या द्राक्षांच्या अनुभवातून आलेला आहे आणि त्या पिकासाठी तो चुकीचा नाही. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल, लांब घड आणि एकरी भरपूर वजन हवे असते. त्यासाठी आपण विरळणी करतो, जीए (मणी वाढवणारे संजीवक) देतो, मणी फुगवतो. वाइनच्या द्राक्षाकडून नेमकी उलट अपेक्षा असते. मणी लहान आणि साल जाड हवी, कारण रंग, टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) आणि बराचसा सुगंध सालीत व सालीलगत असतो. मणी जितका मोठा, तितका रस जास्त आणि त्या रसाच्या वाट्याला येणारी साल कमी. म्हणून आपल्या वर्णनावरून मी माळाच्या तुकड्याच्या बाजूने झुकतो. परंतु केवळ वर्णनावर कोणी बाग लावू नये. दोन्ही तुकड्यांत निदान चार-पाच फूट खोल खड्डे घेऊन आत उतरून पाहा.

काळ्या रानाच्या खड्ड्यात वरच्या भागात उभ्या भेगा दिसतील. खालचे ओले ढेकूळ हाताने फोडले तर आत तुळतुळीत, चकाकणारी बाजू दिसेल. माती फुगते आणि आक्रसते तेव्हा एकमेकींवर घासून ती तशी होते. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे लागतील. ही माती पाणी फार धरते आणि फार उशिरा सोडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात झालेला पाऊस तिच्यात मुरून राहतो आणि आपण ठिबक बंद केले, तरी वेलीला पाणी मिळतच राहते. मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास शेंडा थांबायला हवा; काळ्या रानात तो पुढे धावत राहतो. पाला दाटतो, घड सावलीत जातात, कॅबर्ने किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ही जात असेल तर वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास राहतो, आणि दाट पाल्यात भुरी या बुरशीच्या रोगाला आयते घर मिळते. शेजारच्या उसाने हवेतील ओल वाढते, ते वेगळेच.

माळाच्या खड्ड्यात बहुधा फूट-दीड फूट भरड माती, तिच्याखाली पिवळसर-तांबूस मुरूम आणि त्याखाली पापुद्र्यांसारखा सुटणारा कुजका खडक लागेल. जवळपास एखादे जुने बोरीचे किंवा लिंबाचे झाड असेल, तर त्याच्या मुळ्या खडकाच्या फटींतून कशा खाली गेल्या आहेत ते पाहा. मुळ्यांना अशी वाट असेल, तर ही जमीन वाइनच्या वेलीला मानवेल. पाऊस पडून गेला की ती दोन दिवसांत निथळते आणि त्यानंतर वेलीला किती पाणी द्यायचे हे ठिबकाच्या नळावर, म्हणजे आपल्या हातात राहते. मणी सेट झाल्यानंतर पाणी थोडे आवरले की मणी लहान राहतो, शेंडा थांबतो आणि वेलीची ताकद घडाकडे वळते. मात्र आवरणे म्हणजे तोडणे नव्हे. फेब्रुवारीच्या उन्हात मुरमावरील वेल पार सुकू दिली, तर खालची पाने गळतात, घड उघडे पडून भाजतात आणि साखर चढायची थांबते. खड्ड्यात मुरमाऐवजी दोन फुटांवर अखंड कातळ लागला, तर मात्र तो तुकडा सोडून द्यावा.

फ्रान्समधील बोर्डो येथे जेरार सेगँ या संशोधकाने नामांकित बागांच्या जमिनींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते : उत्तम बागांच्या जमिनी एका प्रकारच्या नव्हत्या, त्यांच्यात साम्य होते ते वेलीला बेताने पाणी पुरवण्यात. त्या प्रदेशात नदीच्या डाव्या तीरावर वाळू-गोट्यांच्या निचऱ्याच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्यों उत्तम येते, तर उजव्या तीरावरील पोमरोलमध्ये चिकण मातीत मर्लो उत्तम येते आणि पेत्र्यूस ही जगप्रसिद्ध वाइन अशाच चिकण मातीतील आहे. तेव्हा मुरूम तेवढा चांगला आणि काळी तेवढी वाईट, असा सरसकट नियम करता येत नाही. आपल्या काळ्या रानाची अडचण अशी की परतीचा पाऊस, कालव्याचा पाझर आणि बोअरचे पाणी या तिन्हींची त्यात भर पडते आणि वेलीला बेतात ठेवणे माणसाच्या हाती उरत नाही.

दोन गोष्टी आणखी. पहिली, माळावर बाग लावली तरी पाणी खालूनच न्यावे लागेल. ते ओढ्याकाठच्या बोअरचे असेल तर उन्हाळ्यातील नमुना तपासून घ्या. आपल्या भागात अनेक बोअरचे पाणी उन्हाळ्यात खारवट होते आणि पानांच्या कडा जळू लागेपर्यंत ते ध्यानात येत नाही. दुसरी, खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर हव्या त्या जातीचे कलम करतात ती. आपल्याकडे क्षार आणि पाण्याची टंचाई यांवर उपाय म्हणून डॉगरिज खुंट रुजला आणि त्याने खाण्याच्या बागा तारल्या, यात शंका नाही. तथापि तो जोमदार आहे. कसदार रानात वाइनच्या जातीला तोच लावला तर पालेवाढ आवरणे कठीण जाते. माती आणि पाणी यांचे अहवाल घेऊन पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात खुंटाविषयी विचारणा करावी. शेजाऱ्याने लावला म्हणून तोच खुंट लावू नये.

प्रश्न : मंगळवेढ्याच्या काळ्या रानात वाइनची द्राक्षे घ्यावीत काय?
— एक शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : माझ्या मते नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते त्या रानाच्या खोलीमुळे आणि ओल धरून ठेवण्याच्या गुणामुळे. पावसाळा संपल्यावर एकही पाणी न देता मालदांडी ज्वारी उभी राहते, ती त्या साठलेल्या ओलीवर. ज्वारीला जे वरदान आहे, तेच वर सांगितलेल्या कारणाने वाइनच्या वेलीला अडचणीचे ठरते. आपल्याच तालुक्यात माळरानाची जमीनही आहे. द्राक्षाची हौस असेल तर तेथे पाहा, आणि ज्वारीचे रान ज्वारीलाच राहू द्या.

प्रश्न : जमिनीतील दगडाची चव वाइनमध्ये उतरते असे वाचले. मग आपल्या बेसॉल्टची आणि चुनखडीची चव सोलापूरच्या वाइनमध्ये लागायला हवी. हे खरे आहे काय?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ही कल्पना मोहक आहे, पण तशा सरळ अर्थाने खरी नाही. वेल मातीतून पाण्याबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे क्षार घेते. खडकाचा स्वाद घेत नाही. खडकाला मुळात स्वत:चा असा वास जवळजवळ नसतो आणि वाइनमध्ये उतरणारे क्षार इतके अल्प असतात की जिभेला ते वेगळे ओळखता येत नाहीत. जर्मनीतील मोझेल खोऱ्यात पाटीच्या दगडाचे उतार आहेत आणि तेथील रीसलिंगला लोक दगडाचा गुण देतात. परंतु त्या दगडाचे खरे काम दिवसभर ऊन शोषून वेलीला ऊब देण्याचे आणि पाणी झटकन निथळू देण्याचे आहे. फ्रान्समधील शाम्पेनच्या खडूच्या जमिनीचे मोलही तसेच : ती पाणी शोषून ठेवते आणि गरजेपुरते सोडते.

मातीची रसायने मात्र एका मार्गाने वाइनवर निश्चित परिणाम करतात आणि आपल्या भागात तो मार्ग महत्त्वाचा आहे. वेलीने पोटॅशियम जास्त उचलले की रसातील आम्ल निष्प्रभ होऊन सामू (पीएच) चढतो. सामू चढलेल्या वाइनचा रंग फिका पडतो आणि तिच्यात नको ते जीवाणू सहज वाढतात. उष्णतेने आम्ल आधीच घटलेले असताना खतातून पोटॅश सढळ हाताने दिले, तर हानी दुहेरी होते. खाण्याच्या द्राक्षाची खतांची वेळापत्रके वाइनच्या बागेला तशीच लावणाऱ्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा.

प्रश्न : बाग लवकर पिकावी म्हणून गोड छाटणी (फळछाटणी) सप्टेंबरात घेतली तर चालेल काय?
— एक बागायतदार, नान्नज

उत्तर : वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या कारणाने हा विचार अगदी योग्य दिशेचा आहे. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत वाइनच्या जातींना साधारण साडेचार ते पाच महिने लागतात. सप्टेंबरच्या मध्यावर छाटले तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत द्राक्ष हाती येते आणि रात्रींचा गारवा पुरता सरलेला नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटले तर बाग मार्चमध्ये, चढत्या उन्हात पिकते.

अडचण अशी की सोलापूरचा सर्वाधिक पाऊस सप्टेंबरातच पडतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात उरलेली कसर भरून काढतो. लवकर छाटलेल्या बागेचे कोवळे घड नेमके याच पावसात सापडतात. केवडा हा बुरशीसारखा रोग पानांवर थांबत नाही, पोंग्यातून बाहेर पडणाऱ्या घडावर चढतो. ढगाळ हवेत घड जिरतात आणि फुलोऱ्यात पाऊस आला तर मणी गळतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने राज्यातील द्राक्षबागांची जी वाताहत केली, ती अनेकांना आठवत असेल.

येथे पुन्हा जागाच मदतीला येते. ज्या तुकड्यात पाऊस थांबताच पाणी निथळते, वारा खेळता राहतो, सकाळचे ऊन लवकर पोहोचून पाने सुकतात आणि चिखल नसल्याने फवारणीचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी आत जाऊ शकतो, त्या तुकड्यात सप्टेंबरची छाटणी पेलते. काळ्या, सखल, आडोशाच्या रानात ती पेलत नाही. आपली बाग नान्नजच्या उघड्या माळावर असेल, तर सगळी बाग एकदम न छाटता थोडा भाग सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाटून पाहावा आणि दोन्ही भागांतील द्राक्षांची साखर, आम्ल आणि सामू वाइनरीकडून वेगवेगळे मोजून घ्यावेत. तीन-चार हंगामांची अशी नोंद कोणत्याही बाहेरच्या सल्ल्यापेक्षा मोलाची ठरेल.

प्रश्न : युरोपात दक्षिणेकडे उतरणाऱ्या टेकड्या उत्तम मानतात. आपल्याकडेही तसाच उतार निवडावा काय? आणि उंचीला एवढे महत्त्व का देतात?
— कृषी शाखेचा एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : मोझेल खोरे पन्नासाव्या अक्षांशाजवळ आहे. तेथे ऊन दुर्मीळ, म्हणून प्रत्येक किरण पकडण्यासाठी दक्षिणेकडील तीव्र उतार हवा. सोलापूर साडेसतराव्या अक्षांशाच्या जरा वर आहे. आपल्याकडे ऊन मुबलक आहे, अडचण त्याच्या अतिरेकाची आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्य आपल्या दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिण आणि नैर्ऋत्य उतार अधिक तापतात, तर उत्तर आणि ईशान्य उतार त्या मानाने सौम्य राहतात. म्हणून आपल्याकडे पूर्व किंवा ईशान्येकडे हलका उतार असलेली जमीन मी पसंत करीन : सकाळचे ऊन लवकर येऊन दव वाळते आणि दुपारचा ताप थोडा कमी लागतो. जमीन सपाट असेल, तर ओळींच्या दिशेने काही अंशी हे साधता येते. ओळी ईशान्य-नैर्ऋत्य धरल्या की दुपारी दोन-तीनचा सूर्य ओळीच्या रेषेत येतो आणि घडांच्या एकाच बाजूवर त्याचा सगळा मारा होत नाही. दक्षिणोत्तर ओळींत पश्चिमेकडील घड भाजण्याचा धोका अधिक असतो. तेथे त्या बाजूचा पाला काढण्याची घाई करू नये.

उंचीचे म्हणाल, तर विषुववृत्ताकडे जावे तशी उंचीची किंमत वाढते, कारण थंडावा मिळवण्याचा तोच मार्ग उरतो. कर्नाटकातील नंदी हिल्सच्या पायथ्याच्या बागा तेराव्या अक्षांशाजवळ असूनही सुमारे नऊशे मीटर उंचीमुळे टिकाव धरतात. अर्जेंटिनातील मेंडोसा प्रांतात उको खोऱ्यातील बागा हजार मीटरच्या वर गेल्या आणि त्याच देशातील साल्टा प्रांतात तर तीन हजार मीटरच्या वरही द्राक्षे घेतली जातात. सोलापूर जिल्ह्यात एवढी उंची नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. ज्या जातींना मुळातच ऊन मानवते त्या निवडणे, हे आपल्यापुढील शहाणपणाचे उत्तर आहे. अकलूज परिसरात फ्रातेल्ली या वाइनरीने इटलीच्या टस्कनी भागातील सांजोवेजे ही जात लावली आणि ती तेथे रुजली; तिच्या साथीला कॅबर्ने सोव्हिन्यों घेऊन केलेली वाइन देशभर ओळखली जाते. पांढऱ्या जातींत शनँ ब्लाँ उन्हातही आम्ल बऱ्यापैकी राखते. ग्रनाश, तेम्प्रानियो या स्पेनमधील जातींचाही आपल्याकडे अधिक कसून विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. उलट पीनो नवारसारखी थंड हवेची नाजूक जात केवळ नावासाठी येथे लावणे, म्हणजे वेलीवर आणि खिशावर अन्याय आहे.

आपण विद्यार्थी आहात म्हणून एक गोष्ट अधिक सांगतो. फ्रान्समधील बर्गंडीत गावोगावच्या शिवारांचे शेकडो वर्षांत बारीक तुकडे पाडले गेले, प्रत्येकाला नाव मिळाले आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्या साऱ्या रचनेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. रोमाने-काँती हा त्यातील सर्वांत ख्यातनाम तुकडा दोन हेक्टरांहूनही लहान आहे. हे तुकडे कोणी एका वर्षात ठरवले नाहीत. मठांतील साधूंनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या ओळीत द्राक्ष आधी पिकते, कोठे पाणी साचते, कोठे वाइन टिकते याची नोंद ठेवली. आपल्या जिल्ह्यात असे एकही शिवार अजून या नजरेने वाचले गेलेले नाही. आपण अभ्यासासाठी विषय शोधत असाल, तर माळशिरस किंवा उत्तर सोलापूर तालुक्यातील एकच गाव घ्या आणि माळ, मधला पट्टा व ओढ्याकाठ या तीन ठिकाणी रात्रीचे तापमान डिसेंबर ते मार्च रोज मोजा. ते काम फार उपयोगाचे होईल.

प्रश्न : जमीन, पाणी, उतार सगळे जुळले, तर वाइनची द्राक्षे लावायला हरकत नाही ना?
— एक तरुण शेतकरी, माळशिरस

उत्तर : जमिनीइतकेच महत्त्वाचे आहे ते वाइनरीपासूनचे अंतर आणि तिच्याशी झालेला लेखी करार. वाइनची द्राक्षे बाजार समितीत विकली जात नाहीत. मणी लहान, बिया मोठ्या. खाणारा ती घेत नाही आणि बेदाण्यालाही ती चालत नाहीत. २००९-१० च्या सुमारास राज्यात अनेक वाइनऱ्यांनी खरेदी थांबवली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. म्हणून दर, तोडणीचा ब्रिक्स (रसातील साखरेचे माप), किमान किती माल उचलणार आणि पैसे किती दिवसांत देणार, हे लावणीपूर्वी कागदावर घ्या. एकरी चार-पाच टनांच्या पुढे माल धरू नका अशी अट वाइनरी घालते, ती दर्जासाठी आवश्यकच आहे. मात्र तेवढ्या मालावर खर्च सुटेल असा दर करारात आहे का, हे हिशेब करून पाहा.

अंतराचे कारण उन्हाशीच जोडलेले आहे. आपल्याकडे फेब्रुवारीत दहा वाजता तोडलेले द्राक्ष क्रेटमध्येच तापू लागते, खालचे मणी फुटून रस आंबायला लागतो आणि बागेने राखलेला सुगंध रस्त्यातच उडून जातो. तोडणी पहाटे, दिवा लावून सुरू करावी, क्रेट उथळ भरावेत, सावलीत ठेवावेत आणि ऊन चढण्याच्या आत गाडी वाइनरीच्या दारात पोहोचावी. आपल्या शिवारातून तेवढ्या वेळात पोहोचता येईल अशी वाइनरी नसेल, तर यंदा लावणी करू नका.